सेकंदाला पाच चित्रं

आमचे भाऊजी कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रिजपाशी जाऊन उभे राहतात. भूक लागलेली असते म्हणून नव्हे, फ्रिज किती घरघरतोय ते ऐकायला. मग पंखा, मग ट्यूबलाइट, मग खिडकीची सैल काच. चहा येईपर्यंत यजमानाला आपल्या घरातल्या चार नव्या दुखण्यांची माहिती झालेली असते. मी नवा टीव्ही घेतला तेव्हा तो आतून गुणगुणतो म्हणून त्यांनी मला तो परत करायला लावला होता. मला काही ऐकू येत नव्हतं, पण ते खनपटीलाच बसले.

नोकरी साउंड रेकॉर्डिस्टची. सिनेमाबिनेमाची नव्हे. कारखान्यांसाठी शिकवणीच्या फिल्म काढणारा एक छोटा स्टुडिओ होता, तिथे जन्म गेला. मशीन बंद कसं करायचं, हातमोजे कधी घालायचे, आग लागली तर कुठल्या जिन्याने पळायचं. एक साहेब उभा राहून बोलणार, मागे पडद्यावर तक्ते, आणि कॅमेऱ्याच्या पलीकडे हेडफोन लावून डोळे बारीक केलेले भाऊजी. त्या फिल्म कुणी मन लावून बघितल्या असतील असं मला वाटत नाही, पण त्यातला आवाज मात्र स्वच्छ असायचा. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. थोडा टोमणा आहेच.

अशा माणसाने माझ्या थोरल्या बहिणीशी लग्न केलं. ताईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. अगदी काही म्हणजे काही नाही.

ताई तेव्हा एका छापखान्यात होती, बाइंडिंग खात्यात. स्टुडिओची मंडळी तिथे फिल्म काढायला गेली. भाऊजींना दोन मिनिटं सगळी मशीनं बंद हवी होती. सगळ्यांनी बंद केली, एक चालूच. भाऊजी ओरडले, परत ओरडले, शेवटी तणतणत त्या मशीनपाशी गेले आणि पुढे जाऊन उभे राहिले. ताईने वर बघितलं. लालबुंद चेहरा आणि डोक्यावर दोन मोठ्या वाट्यांसारखा हेडफोन. तिने दोन्ही तळवे स्वतःच्या कानांवर ठेवले, गाल फुगवले आणि हसत सुटली. त्या दिवसापासून भाऊजींचं खुणेचं नाव तेच झालं, कानांवर दोन तळवे. गाल फुगवणं नंतर लग्न ठरल्यावर तिने गाळलं.

खुणेच्या नावाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यात प्रत्येक माणसाला एक खूण असते. कागदावरचं नाव बोटांनी अक्षर अक्षर लावत बसायला वेळ कुणाला आहे? तर माणसाचं काहीतरी बघून खूण ठरते. ती आपली आपण घ्यायची नसते. ती बहिऱ्या माणसानेच द्यायची आणि मग ती जन्मभराची. माझं नाव नाकाखाली बोट घासणं आहे. लहानपणी माझं नाक सतत वाहायचं, आणि ताईने दया दाखवली नाही. आज मी वाचनालयाचा सगळा कॉम्प्युटर विभाग सांभाळते, पण ताईच्या मैत्रिणी रस्त्यात भेटल्या की नाकाखाली बोट घासतात. भाचीचं, म्हणजे ताईच्या मुलीचं, नाव कपाळावरची बट. तिची बट कधीच गेली, तरी नाव राहिलं.

भाऊजींना खुणांची भाषा फारशी आली नाही. चहा, किल्ली, दिवा, औषध, चिडू नकोस. एवढ्यावर त्यांनी अख्खा संसार केला. ताईला त्यांचे ओठ वाचता यायचे, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही, आणि अडलं नाही म्हणून त्यांनी शिकायचंही मनावर घेतलं नाही. ताई आणि भाची मात्र समोरासमोर बसल्या की हात असे चालायचे की बघणाऱ्याला धाप लागावी. भाऊजी शेजारी बसून दोघींकडे आळीपाळीने बघत हसायचे. घरात एकच बहिरा आहे आणि तो आवाजाची नोकरी करतो, असं ताई सगळ्यांना सांगायची. भाऊजींना ते सांगितलेलं कळायचं नाही, म्हणून मी त्यांना बोलून सांगायचे, आणि ते पुन्हा हसायचे.

भाचीला मुलगी झाली तेव्हा ताई आजारी होती. रक्ताचं दुखणं होतं. भाची दुसऱ्या गावात, तिथे जाणं ताईला झेपणारं नव्हतं. पोरीला कागदावरचं नाव लगेच मिळालं, घरात सगळे तिला पिटुकली म्हणायला लागले, पण खुणेचं नाव काही मिळेना. ताई रोज फोनवर तिला बघायची आणि मान हलवायची. अजून नाही. अजून कळत नाहीये ही कशी आहे ते. भाची वैतागायची. ताई म्हणायची की घाईने दिलेलं नाव नाकाखाली जाऊन बसतं, आणि माझ्याकडे बघायची.

मग एके दिवशी तिचं ठरलं. मलाही सांगेना. म्हणाली, सगळ्यांबरोबर बघ. फोनवर हात धुरकट दिसतात म्हणून तिला नीट व्हिडिओ हवा होता. भाऊजींनी स्टुडिओतला चांगला कॅमेरा घरी आणला. ताईने हिरवा स्वेटर घातला, खिडकीपाशी उजेडात उभी राहिली आणि पिटुकलीसाठी जे सांगायचं ते सांगितलं. खोलीत ती आणि भाऊजी, दोघंच.

त्यानंतर आठवडाभरात ती हॉस्पिटलात गेली. दोन्ही हातांना सुया होत्या. बोटं सुजली होती. एकदा तिने दोन बोटं उचलून मला विचारलं, पाठवला? मी बाहेर बसलेल्या भाऊजींना विचारलं, ते हो म्हणाले, मी आत येऊन हो म्हटलं. तिने डोळे मिटले. पाठवला होता हे खरंच होतं. भाचीच्या फोनवर तो उघडत नव्हता हेही खरं होतं. तिने तसं कळवलं, भाऊजींनी बदलून पाठवतो असं उत्तर दिलं, आणि मग कुणाचंच डोकं ठिकाणावर राहिलं नाही. ताई गेली.

मला रडू आलं नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल होतो ना, तसं झालं होतं. गाल आपलाच असतो, पण चिमटा काढला तरी दुसऱ्याचा वाटतो. मी ताईचे कपडे आवरले, औषधं परत केली, तिच्या मैत्रिणींना एकेकीला खुणेने सांगितलं, आणि प्रत्येक वेळी माझे हात ते वाक्य नीट सांगत होते आणि मी हातांकडे बघत होते. भाची पिटुकलीला घेऊन आली, राहिली, गेली. तीही रडली नाही. भाऊजींनी तेवढ्यात नोकरी सोडली. व्हिडिओचं नाव कुणीच काढलं नाही. मला वाटतं आम्हाला तिघांनाही तो बघायचा नव्हता. तो बघितला असता तर तिचं सांगून संपलं असतं.

मी दर रविवारी दुपारी भाऊजींकडे जाते. अशाच एका रविवारी भाचीचा फोन आला. पिटुकली आता हात हलवून बोलवायला लागली होती. तिला खुणेने हाक मारायची वेळ झाली होती आणि मारायला खुणेचं नाव नव्हतं. भाची म्हणाली, येत्या सुट्टीत येतो, आता पाठवू नका, तिथेच मोठ्या स्क्रीनवर बघू. मी भाऊजींना विचारलं की ताईने काय खूण केली होती, तुम्ही होतात ना समोर. ते म्हणाले, हात हलवले. हे मलाही माहीत होतं. मी म्हटलं, लावा तो व्हिडिओ.

भाऊजींचा घरचा कॉम्प्युटर जुना. त्याची आधीची सिस्टिम पार म्हातारी झाली होती, म्हणून मीच त्यावर लिनक्स ही फुकटची सिस्टिम बसवून दिली होती. वाचनालयातही आम्ही तेच वापरतो. भाऊजींनी कॉम्प्युटर सुरू केला, हेडफोन लावला, फाइल उघडली. स्क्रीनवर एक सूचना आली, ती न वाचता त्यांनी ठीक आहे दाबलं. मग पडदा काळा. खालची रेघ पुढे सरकत होती, आणि भाऊजी डोळे बारीक करून ऐकत होते.

मी त्यांच्या खांद्याला हात लावला. चित्र कुठंय, विचारलं.

"चित्र येत नाही," ते म्हणाले. "आवाज येतो."

हळूहळू विचारल्यावर कळलं की हे रोजचं होतं. ताई गेल्यापासून ते रोज दुपारी जेवण झालं की ही फाइल लावून काळ्या पडद्यासमोर बसत. त्यांनी एक हेडफोन माझ्या कानाला लावला. स्वेटर घासल्याचा आवाज, तळव्यावर बोटं आपटल्याचा आवाज, तिचा श्वास, आणि मधे मधे ताईच्या घशातून यायचा तसा एक छोटा हुंकार, जो आपण करतोय हे तिला कधी माहीतच नव्हतं. फ्रिज त्यांनी त्या दिवशी बंद केला होता. आवाज इतका स्वच्छ होता की मी हेडफोन काढून ठेवला. मला काय वाटलं ते सांगायचं तर काहीच वाटलं नाही.

चित्र आणायचा प्रयत्न त्यांनी केलेला होता. स्क्रीनवर त्याच फाइलच्या तीन प्रती होत्या. एकीच्या नावाचं शेपूट एमकेव्ही, दुसरीचं एमपीफोर, तिसरीचं एव्हीआय. म्हणजे त्यांनी नाव बदलून बघितलं होतं. मी कपाळाला हात लावला. वाचनालयात रोज कुणीतरी हेच करून येतं, पण जन्मभर रेकॉर्डिंग केलेल्या माणसाने करावं? ते म्हणाले, चित्राचं खातं दुसऱ्याकडे असायचं.

मग मी त्यांना समजावलं. फाइल म्हणजे डबा. एमकेव्ही, एमपीफोर ही डब्याची नावं. साखरेच्या डब्यावर मीठ लिहिलं म्हणून आतली साखर खारट होत नाही. डब्यात चित्र वेगळं बांधून ठेवलेलं असतं, आवाज वेगळा, आणि कुठल्या क्षणाच्या चित्रासोबत कुठला आवाज हे डबा सांभाळतो. चित्र आहे तसं ठेवलं तर जागा पुरत नाही, म्हणून ते दाबून, घडी घालून ठेवतात. घडी घालायची आणि उलगडायची जी रीत, तिला कोडेक म्हणायचं. उलगडणाऱ्याकडे तीच रीत नसली की चित्र आत असूनही दिसत नाही. तुमचा आवाज तुम्ही घडी न घालता जसाच्या तसा ठेवलाय, म्हणून तो कुठेही वाजतो. चित्र ज्या रीतीने दाबलंय तिच्यावर कंपन्यांचे हक्क आहेत, म्हणून लिनक्सवाल्यांनी ती सुरुवातीपासून आत घालून दिलेली नाही. आपण वेगळी मागवून बसवायची. मघाशी जी सूचना आली ती हेच सांगत होती, आणि तुम्ही रोज तिला ठीक आहे म्हणत होतात.

भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. आवाजाला कुणी हात लावणार नाही ना, एवढंच विचारलं. मी म्हटलं, नाही, फक्त चित्र येईल.

काम पाच-दहा मिनिटांचं होतं. टर्मिनल म्हणतात ती हुकूम लिहायची खिडकी उघडून दोन ओळी लिहिल्या, कोडेक उतरला, बसला. फाइल परत उघडली.

ताई खिडकीपाशी उभी होती. हिरवा स्वेटर, एका बाजूला उजेड, केस नीट विंचरलेले. गळ्यापाशी हाडं दिसत होती. ती कॅमेऱ्याकडे बघून हसली आणि मग तिचे हात वर आले, आणि आले म्हणजे आधी खाली होते ते एकदम वर दिसले. मधलं काही नाही. मग हात उजवीकडे. मग छातीशी. एखाद्याने फोटोंची गड्डी धरून भराभर फोटो टाकावेत तसं. मी खुणा लावायला बघत होते आणि एकही लागत नव्हती. तू, किंवा तुला. दिवस, किंवा उजेड, किंवा उघड. शेवटी ती थांबली, श्वास घेतला, हात गालापाशी दिसला, मग छातीपुढे उघडा तळवा दिसला, मग ती हसली आणि व्हिडिओ संपला.

मला वाटलं, कॉम्प्युटर म्हातारा आहे, त्याला झेपत नसेल. नव्या कोडेकला ताकद लागते. मी फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयातल्या सगळ्यात दणकट मशीनवर लावली. तिथेही तेच. मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं, फाइलची माहिती काढली. डबा कोणता, चित्राचा कोडेक कोणता, आवाज कसा, सगळं ओळीने आलं. आवाज पहिल्या प्रतीचा. चित्रं, सेकंदाला पाच.

कॅमेरा सेकंदाला पन्नास चित्रं घेतो. मी भाऊजींना फोन केला. त्यांना आठवायला वेळ लागला नाही. स्टुडिओत फिल्म छोटी करायला एक ठरलेलं बटण होतं. साहेब बोलतो, मागे तक्ता असतो, तक्ता काही हलत नाही. मग चित्राला जागा कशाला द्यायची? सेकंदाला पाच पुरे, जागा सगळी आवाजाला. भाऊजींनीच ते कित्येक वर्षांपूर्वी ठरवून घेतलं होतं, आवाज वाचावा म्हणून. ताईचा व्हिडिओ कॅमेऱ्यातून काढला तेव्हा फार मोठा होता, फोनवर गेला नसता. त्यांनी रोजच्या सवयीने तेच बटण दाबलं आणि स्टुडिओच्या शिस्तीप्रमाणे कार्ड पुसून कॅमेरा परत ठेवला.

मी त्यांना विचारलं की कार्ड पुसण्याआधी एकदा बघायचं नाही का.

"ऐकलं होतं," ते म्हणाले. "चांगलं आलं होतं."

मी चिडायला हवं होतं. चिडायला तोंड उघडलं आणि चीड आलीच नाही. पुढच्या टेबलावर एकजण शिंकला, मी त्याच्याकडे बघितलं आणि फोन ठेवला.

त्या आठवड्यात मी जे जे करता येईल ते केलं. स्टुडिओत विचारलं. ते कार्ड त्यानंतर कितीदा भरलं आणि पुसलं गेलं होतं, त्यात ताईचं काही उरलं नव्हतं. दोन चित्रांच्या मधली चित्रं स्वतःच तयार करणारा एक प्रोग्राम असतो, तोही लावून बघितला. त्याने ताईची बोटं वितळवली. गालापासून छातीपर्यंत हात गुळगुळीत सरकला खरा, पण मधे तिला सात बोटं फुटली आणि तळवा कोपराला चिकटला. जे टाकून दिलंय ते परत काढता येत नाही, आणि यंत्र जे भरतं ते त्याच्या मनाचं असतं. मी ती फाइल उडवून टाकली. मग हात टेकले आणि भाचीला फोन करून सगळं सांगितलं. तिच्या मागे पिटुकली चमचा आपटत होती. भाची म्हणाली, तरी येते.

ती आली ती दुपारी. पिटुकलीला जमिनीवर बसवलं, बूट काढले, पाणी प्यायली आणि म्हणाली, लाव मावशी. भाऊजी मागे खुर्चीवर बसले. हेडफोन मी काढून टाकला होता, आवाज खोलीभर येत होता.

भाचीने एकदा सगळा बघितला. चेहऱ्यावर काही नाही. दुसऱ्यांदा बघताना ती हलक्या हाताने आईच्या खुणा स्वतः करून बघायला लागली, जागा भरत, आणि मला दिसलं की तिला माझ्यापेक्षा पुष्कळ लागतंय. ती तिची पहिली भाषा. पिटुकले, मी तुला रोज बघते. तू उठलीस की आधी खिडकीकडे बघतेस. असं काहीतरी. मग शेवट आला आणि तिचे हात थांबले. वाक्याला पुढचामागचा आधार असतो, नावाला नसतो. गाल आणि उघडा तळवा. मधे हात वळला की सरळ आला? बोटं मिटली का? एकदा टेकला की दोनदा? ती एकेक चित्र पुढे करून बघत होती, आणि एकेक म्हणजे फक्त ती दोनच होती. ती पुढे जायची, मागे यायची. ताई गालाला हात लावायची, तळवा उघडायची, गालाला हात लावायची.

मग तिने परत आवाजासकट लावलं, आणि त्या दोन चित्रांच्या मधे एक खट् आवाज आला. मीही तो ऐकला.

"हे काय वाजलं?" भाचीने विचारलं.

भाऊजी म्हणाले, "ते मी."

ती वळली. "तुम्ही काय केलंत?"

"केबल काढून लावली." भाऊजी तिच्याकडे बघत नव्हते, गुडघ्यांवर ठेवलेल्या आपल्या हातांकडे बघत होते. "ती बोलत होती आणि आवाजाची लेव्हल हलत नव्हती. मला वाटलं, माइक गेला."

मी हे वाक्य पुन्हा मनात म्हणून बघितलं, आणि ते तसंच होतं. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर, खिडकीपाशी उभी राहून ती नातीला नाव देत होती, आणि तिचा नवरा तिचा आवाज का येत नाही म्हणून खाली वाकून केबल बघत होता. ही जगातली सगळ्यात हसण्यासारखी गोष्ट होती. ताईला सांगितली असती तर तिने गाल फुगवून सगळ्या मैत्रिणींना करून दाखवली असती.

"म्हणजे तुम्ही बघितलंच नाही," भाची म्हणाली.

"वर बघितलं तेव्हा ती हसत होती. मला वाटलं, झालं."

मग भाऊजींनी जे सांगितलं ते आम्ही विचारलेलं नव्हतं. ते रोज दुपारी तो खट् ऐकायचे. तिथपर्यंत ऐकायचे आणि मागे न्यायचे. चित्र येत नव्हतं याचं त्यांना बरं वाटत होतं, कारण चित्र नाही तोपर्यंत नाव आत आहे असं म्हणता येत होतं. त्यांचा आवाज हे सांगताना वर-खाली झाला नाही. मला त्यांची कीव आली. ताई गेल्यापासून मला काहीतरी वाटलं ते हे पहिलं, आणि तेही तिच्याबद्दल नव्हतं.

मी भाचीला म्हटलं की ताईच्या मैत्रिणींपैकी कुणीतरी पिटुकलीला नवं नाव देईल, रीतीने ते चालतं. आनंदाने देतील. ती म्हणाली, नको. मी म्हटलं, मग मधलं तू ठरव, तुला ताई कसा हात वळवायची ते माहीत आहे.

"मी ठरवलं तर ते माझं होईल," ती म्हणाली. "आईने दिलंय. जेवढं आलं तेवढं."

ती पिटुकलीसमोर जमिनीवर बसली. गालाला हात लावला. मग हात तिथून काढला नाही, वळवला नाही, नुसता थांबवला, आणि मग एकदम छातीपुढे तळवा उघडला. पिटुकलीने तिच्याकडे बघितलं आणि मग खिडकीकडे. भाचीने परत केलं. तेव्हा ती रडली. तोंडाने आवाज न करता, ताईसारखी, आणि हाताने ते नाव करत राहिली. मी उठून पिटुकलीचे बूट उचलून ठेवले.

आता ते नाव सगळ्यांना माहीत आहे. ताईच्या मैत्रिणींना मी दाखवलं तेव्हा एकीने विचारलं की हात मधे अडकतो कशाने, दुखतो का? मी म्हटलं, नाही, नावच तसं आहे. तिने भुवया उडवल्या आणि मग तसंच करून दाखवलं. भाऊजी अजून त्यांच्या जुन्या पाच खुणांच्या पुढे गेलेले नाहीत, पण ही सहावी त्यांना येते. भाचीचा फोन आला की ते हेडफोन काढून बाजूला ठेवतात आणि स्क्रीनसमोर गालाला हात लावतात. मग थांबतात. आमच्या सगळ्यांत तेच जास्त वेळ थांबतात.

पिटुकली आता ते स्वतःही करते. कुणी कोण तू असं विचारलं की गालाला हात लावते, श्वास धरून थांबते आणि मग तळवा उघडते. घाई करत नाही. तिला वाटतं, थांबणं नावातच आहे.